भर हिवाळ्यात आलेले बापूकाका

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये आईवडिलांचा एक सीझन असतो. मे महिन्यात ते येतात. पार्किंग लॉटला फेऱ्या मारतात, एकमेकांच्या सुनांची इत्थंभूत माहिती काढतात, बाल्कनीत टोमॅटोच्या कुंड्या लावतात आणि दिवाळीच्या आत परत जातात. हिवाळ्यात कोणी येत नाही. हिवाळ्यात या स्टेट कॉलेज नावाच्या गावाला कोणी का यावं, हा प्रश्न इथे इतकी वर्षं राहून मलाही पडतो. दुपारी साडेतीनलाच आभाळ खाली येतं, पावणेपाचला काळोख होतो, आणि शाळेतून आलेल्या मुलांचं रात्रीपर्यंत काय करायचं हे कोणालाच कळेनासं होतं.

बापूकाका वैरागडे नेमके नोव्हेंबरात आले. ते आमच्या शेजारच्या प्रशांतचे वडील, नागपूरचे. टोमॅटोवाली मंडळी परत गेलेली, पहिला बर्फ पडून गेलेला, आणि हे गृहस्थ माकडटोपी, मफलर आणि एकावर एक दोन स्वेटर अशा थाटात जिन्यात उभे. सगळ्यांनी प्रशांतला नावं ठेवली. मीही ठेवली. वडिलांना या दिवसांत कोणी बोलावतं का? शेवटी एकदा मी काकांनाच विचारलं.

"त्यानं नाही बोलावलं, मीच आलो," ते म्हणाले. "उन्हाळ्यात कसं, नात बाहेर आणि मी घरात. हिवाळ्यात सगळेच घरात. कुठं पळून जाईन ती?"

ही नात म्हणजे रिया, वय वर्षं तेरा. काकांनी तिला शेवटची पाहिली ती सहा वर्षांची असताना, नागपूरला. तेव्हा ती त्यांचं बोट सोडत नव्हती, ते आंघोळीला गेले तर मोरीबाहेर बसून राहायची. मधल्या काळात काकू गेल्या, काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग इथल्यांची व्हिसाची भानगड झाली, आणि भेट राहून गेली. आता काका मुद्दाम सहा महिने काढून आले होते, तर रिया शाळेतून यायची, "हाय आबा" म्हणायची आणि खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. दार उघडायचं ते जेवायला. प्रशांतच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी ते लोक प्लेनो शहरातून इकडे आले, तेव्हापासून ते दार असं लागलेलं होतं. हे काकांना कोणी आधी सांगितलं नव्हतं. फोनवर सगळे "मजेत आहे" म्हणतात, तसंच प्रशांतनेही म्हटलं होतं.

काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. मला वाटलं, इंजिनियर असतील. तसे ते वाटायचेही: उंच, सडसडीत, कानावर चष्म्याची दोरी. पण त्यांनी आयुष्यभर काम केलं तक्रार विभागात. कुठे लाइट गेली की लोक फोन करायचे आणि तो फोन काका उचलायचे. बस. तारेला, खांबाला, मीटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता, आणि हे सांगताना त्यांना जराही संकोच वाटायचा नाही. "लाइट आणायचं काम लाइनमनचं," ते म्हणायचे. "लाइट येईपर्यंत माणसाला सांभाळायचं काम माझं."

त्या कामाच्या खुणा त्यांच्या अंगावर राहिल्या होत्या. रिकाम्या खोलीतला दिवा दिसला की ते तो बंद करायचे, मग खोली त्यांची असो की दुसऱ्याची. आमच्याकडे चहाला आले तेव्हा मी बाथरूममध्ये असताना त्यांनी बाहेरून दिवा घालवला होता. आणि फोन वाजलेला त्यांना सहन व्हायचा नाही. कोणाचाही असो, दुसऱ्या रिंगच्या आत ते उचलणार. एकदा माझा फोन त्यांच्या टेबलावर राहिला आणि माझ्या मॅनेजरचा, कॅरेनचा, कॉल आला. काकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बोला, वैरागडे बोलून राहिलो." कॅरेनने काहीतरी विचारलं असणार. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, "येस मॅडम, नोटेड मॅडम," म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कॅरेनने मला विचारलं, की तिचं इतकं नीट ऐकून घेणारा तो सभ्य माणूस कोण होता. माझं आजवर तिने असं कौतुक केलेलं नाही.

माझी मुलगी सई तेव्हा दुसरीत होती. शाळा सुटल्यानंतरच्या वर्गात तिला जागा मिळाली नव्हती, आणि मी ऑफिसातून पळत पळत, निसरड्या रस्त्यावर जीव मुठीत धरून बसस्टॉपवर पोचायचे. एक दिवस बर्फात गाड्या अडकल्या. मी पोचले तेव्हा स्टॉपवर कोणी नव्हतं. वर धावत गेले तर आमच्या दारापाशी सईचे बूट नव्हते, पण शेजारच्या दारापाशी होते, आणि त्यांच्या शेजारी तळमजल्यावरच्या जुळ्यांचे, ओम आणि नीलचे. आतून काकांचा खणखणीत आवाज येत होता.

"बोला, वैरागडे बोलून राहिलो. काय तक्रार?"

मी दार ढकललं. काका खुर्चीत बसलेले, कानाला टीव्हीचा रिमोट. समोर सोफ्यावर तीन मुलं रांगेत, प्रत्येकाच्या कानाला काहीतरी. सईच्या कानाला केळं होतं.

"माय टीचर इज सो मीन," सई केळ्यात म्हणाली.

"किती वाजल्यापासून?"

"सिन्स मॉर्निंग."

"पूर्ण एरियात आहे की फक्त तुमच्याच घरी?"

सई विचारात पडली. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. मग ती ओमकडे वळून म्हणाली, "इज युवर टीचर मीन टू?" ओम म्हणाला, हो. नील म्हणाला, माझी तर मीनेस्ट आहे.

"म्हणजे मोठा फॉल्ट आहे," काकांनी गंभीरपणे जाहीर केलं. "पूर्ण लाइनच गेली आहे. घाबरू नका. लाइनमन निघाला आहे."

आणि गंमत म्हणजे सईचा चेहरा खुलला. टीचर तीच, मीनपणा तोच, पण लाइनमन निघालेला होता.

त्या दिवसापासून सई घरी येईना. म्हणजे शाळेतून थेट काकांकडेच जायला लागली. मी संकोचून काहीतरी खायला घेऊन जायचे, तर काका म्हणायचे, "काहून आणतेस वो? मी काय उपकार करून राहिलो? मले तरी कोण आहे इथं बोलायले?" खेळणी त्यांच्याकडे एकही नव्हतं. मुलांशी खेळताना मोठी माणसं जसा लाडिक आवाज काढतात, तसा त्यांनी कधी काढला नाही. उलट त्रासलेल्या ग्राहकांशी वागावं तसे ते मुलांशी वागायचे. कोणी "आय ॲम बोअर्ड" म्हटलं की मी आयपॅड शोधायला लागते. काका घसा खाकरून रिमोट उचलायचे आणि विचारायचे, कंटाळा पूर्ण आला आहे की येऊन-जाऊन आहे? एकच खोली की पूर्ण घर? शेजारी विचारून पाहिलं का? मग मुलं घरभर फिरून कुठल्या खोलीत कंटाळा जास्त आहे ते तपासून यायची आणि भांडायची. ओमच्या मते न्हाणीघरात सर्वांत जास्त होता. सईच्या मते खुर्चीखाली. तोवर खिडकीबाहेर पूर्ण काळोख झालेला असायचा आणि कोणाच्या लक्षातही आलेलं नसायचं.

मी एक गोष्ट पाहून ठेवली होती. काकांची खुर्ची टीव्हीकडे तोंड करून नव्हती, खिडकीकडेही नव्हती. ती रियाच्या दाराकडे तोंड करून होती. मुलं हसली की काकांची नजर मुलांकडे जायच्या आधी त्या दाराकडे जायची. आणि जिथे गंमत असेल तिथे ते आवाज चढवायचे, अगदी गरज नसताना. एवढा सगळा तमाशा दारापलीकडच्या एका माणसासाठी चालला होता. माझ्या पोरीला त्यातलं सांडलेलं मिळत होतं, आणि तेही इतकं होतं की मी गप्प बसले.

लोडशेडिंगची कल्पना डिसेंबरातली. या मुलांनी जन्मात कधी लाइट गेलेली पाहिली नव्हती, आणि काकांना ही गोष्ट त्यांच्या संगोपनातली मोठी उणीव वाटली. त्यांनी जाहीर केलं, की रोज साडेचार ते पाच भारनियमन. सगळे दिवे बंद. अंधारात वस्तू हाताने ओळखायच्या, आवाजावरून माणूस ओळखायचा, आणि जो "मम्मा" म्हणेल तो बाद. मुलं खूष. पण काका नाखूष. "ह्याले काही गेली म्हणत नाही," त्यांनी मला सांगितलं. "तो फ्रिज घरघर करून राहिला ना. लाइट जाते तेव्हा आधी आवाज जाते. सगळं कसं गप्प होऊन जाते. ते ऐकलं पाहिजे पोट्ट्यांनी."

आमची इमारत जुनी. सगळ्या घरांचे मेन ब्रेकर तळघरात, कपडे धुवायच्या मशीनच्या खोलीत, एका फळीवर रांगेत. नंबर पुसट झालेले. काका टॉर्च घेऊन खाली गेले, त्यांना वाटला तो ब्रेकर पाडला, आणि विजयी मुद्रेने वर आले. तर यांचा फ्रिज सुरूच. आणि खालून एक किंकाळी.

तो मॅथ्यू. युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा, काकांच्या बरोबर खाली राहणारा, दाढी वाढवून कायम भुकेला दिसणारा मुलगा. त्याच्या कॉम्प्युटरवर कसलंतरी मोठं गणित कित्येक दिवस चालू होतं, ते मध्येच तुटलं. तो धाडधाड जिना चढून वर आला. मी नेमकी सईला न्यायला आले होते, आणि मला वाटलं, आता हा पोलिसांना फोन करणार.

काकांनी माकडटोपी काढली. "माय मिस्टेक," ते म्हणाले. "कम. सिट. टेल."

मॅथ्यू बसला नाही, पण त्याने टेल केलं. त्याचा गाइड, त्याची मुदत, ते गणित, सगळं. मला त्या दिवशी कळलं, की अंधारात अडकलेल्या, चिडलेल्या माणसांचं ऐकण्यात या माणसाचं आयुष्य गेलं आहे. मॅथ्यूचा आवाज हळूहळू खाली आला. तो थांबल्यावर काकांनी, सवयीने, विचारलं, "होल एरिया? ऑर ओन्ली युवर हाऊस?"

"यू टर्न्ड इट ऑफ!" मॅथ्यू ओरडला, आणि मग त्यालाच हसू फुटलं. सूनबाईंनी, मेधाने, फ्रिजरमधले आलूबोंडे तळले. मॅथ्यूने किती खाल्ले ते सांगत नाही, त्याला वाईट वाटेल. गणिताचा बराचसा भाग कॉम्प्युटरने आपसूक जपून ठेवला होता असं नंतर निघालं. पुढे तो अधूनमधून येऊन सोफ्यावर मुलांच्या रांगेत बसायचा. त्याच्या तक्रारी सगळ्या गाइडच्या असत.

तर हे असं सगळं जग काकांकडे येत होतं, आणि रिया येत नव्हती.

त्यांनी काय काय नाही करून पाहिलं. तिच्या दाराबाहेर सांभारवडीची, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडीची, ताटली ठेवली, ती संध्याकाळी तशीच गार सापडली. ती कुठला गेम खेळते ते ओमकडून शिकून घेतलं आणि जेवताना त्यावर बोलायला गेले, तर ती म्हणाली, "आबा, नोबडी प्लेज दॅट एनीमोअर." मेधा त्यांना समजवायची, "बाबा, तिला जरा स्पेस द्या ना." काका मला म्हणाले, "किती स्पेस द्यावं वो? मी तर नागपूरले बसून सात वर्षं स्पेसच देऊन राहिलो होतो."

हे ऐकून मी हसले, आणि हसल्याचं मला लगेच वाईट वाटलं, कारण काका हसत नव्हते.

जानेवारीत एकदा मुलांचा दंगा फारच वाढला होता. अचानक ते दार उघडलं. रिया बाहेर आली, मोठा हूडी, कानांवर हेडफोन, डोळे सुजल्यासारखे. "कॅन यू ऑल प्लीज कीप इट डाउन? इट्स लाइक अ झू हिअर!" एवढं बोलून ती आत गेली आणि दार आपटलं. मला काकांसाठी ओशाळल्यासारखं झालं. काका मात्र खुर्चीतून अर्धे उठले होते, चेहरा लख्ख उजळलेला.

"आली होती," ते मला म्हणाले. "पाहिलं ना तू? बाहेर आली होती."

मी घरी जाऊन नवऱ्याला हे सांगताना रडले. रियाचा रागही आला. पण मी तिच्या वयाची असताना माझ्या आजीशी कशी वागत होते ते आठवून राग फार टिकला नाही.

मग फेब्रुवारीत तो मोठा बर्फ पडला. आधी पाऊस, मग गारठा, मग त्यावर बर्फ. झाडं काचेची होतात तसला. शाळा बंद, कॅम्पसच्या बस बंद, ऑफिसं बंद. आम्ही सगळे घरातच होतो, त्यामुळे काकांकडे कोणी गेलं नाही. प्रशांत आणि मेधा आपापल्या लॅपटॉपवर, आपापल्या खोलीत दार लावून कॉलवर. त्या दुपारी काय झालं हे मला काकांनी दोन दिवसांनी तळघरात सांगितलं. मी ड्रायरमधून कपडे काढत होते आणि ते स्वतःचे स्वेटर उलटे करून पाहत होते.

"परवा रिया आली," ते म्हणाले.

"कुठे?"

"बाहेर. हॉलमध्ये. पाणी घ्यायले आली होती. मी बसलो होतो. दिवा नव्हता लावला. मले म्हणते, व्हेअर इज एव्हरीवन? म्हटलं, कोणी नाही आलं आज. तर म्हणते, सो व्हॉट आर यू डूइंग? म्हटलं, काही नाही. खरंच काही नव्हतो करून राहिलो. काकूची आठवण येऊन राहिली होती, तर बसलो होतो."

"मग?"

"मग काही नाही. ती बसली सोफ्यावर, त्या टोकाले. मी इकडं. अंधार पडला."

"तुम्ही रिमोट नाही उचललात?" मी विचारलं. मला खरंच आश्चर्य वाटलं.

"तोंडावर आलं होतं ना. काय तक्रार, म्हणून. गिळून टाकलं." त्यांनी स्वेटर मांडीवर ठेवला. "बऱ्याच वेळानं तीच बोलली. म्हणे, आबा, आय हेट इट हिअर. तिकडं प्लेनोत तिच्या मैत्रिणी होत्या. इथं शाळेत ती एकटीच डबा खाते. दोन वर्षं झाली, एकटीच खाते. कोणाले सांगितलं नाही. प्रशांतलेही नाही."

काकांनी दुसरा स्वेटर उलटा करून पाहिला.

"तिले लाइनमन निघाला आहे म्हणून नाही सांगता आलं मले," ते म्हणाले. "आयुष्यभर सांगितलं ना मी लोकांले. अर्ध्या वेळा तो निघालाच नसे. ऑफिसातच चहा पिऊन राहिला असे. मले माहीत असायचं. लोकांले धीर येते म्हणून सांगायचो. पण तिले नाही सांगता आलं."

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, मलेही नाही करमत इथं. सकाळपासून पोट्टे यायची वाट पाहत असतो. ती म्हणे, रिअली? म्हटलं, हो ना. ती म्हणे, बट यू आर सो लाउड. म्हटलं, तुले ऐकू जावं म्हणून."

एवढं सांगून काका उठले आणि स्वेटर घेऊन जिन्याकडे गेले. जाताना खोलीतला दिवा घालवला. मी अंधारात कपडे घेऊन बसले होते हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मीही हाक मारली नाही. मला जरा वेळ तिथेच बसायचं होतं.

यानंतर रिया खेळात आली, सगळ्यांत मिसळली, असं काही झालं नाही. तसं झालं असतं तर मला लिहायला सोपं गेलं असतं. ती अधूनमधून बाहेर येऊन सोफ्याच्या टोकाला फोन घेऊन बसायची. काकांनी मुलांना सक्त ताकीद दिली होती, "तिच्याकडं पाहायचं नाही. बिलकुल नाही पाहायचं बे." त्यामुळे मुलं मान इतकी वाकडी करून बसायची, की बघणाऱ्याला वाटावं यांना उसण भरली आहे. काकांचा आवाज मात्र कमी झाला. सईने माझ्याकडे तक्रारही केली, की आजोबा पूर्वीसारखे ओरडत नाहीत आणि पाच वाजले की आम्हाला घरी पाठवतात. पाचनंतर काय असायचं, मला माहीत नाही. मेधा एवढंच म्हणाली, की ती कामातून उठून बाहेर येते तेव्हा दोघं हॉलमध्ये असतात, आणि ती आली की बोलणं थांबतं. हे सांगताना तिला थोडा मत्सर वाटत होता, आणि तिने तो लपवलाही नाही. पुढच्याच आठवड्यात प्रशांत आणि मेधा रियाच्या शाळेत जाऊन तिच्या काउन्सेलरला भेटून आले. त्यांना ते काकांनी सांगितलं होतं का रियानेच, हे मी विचारलं नाही.

काका एप्रिलच्या मध्याला परत गेले. मी प्रशांतला म्हटलं, आता कुठे दिवस मोठे व्हायला लागले आहेत, थांबवून घे त्यांना. पण सहा महिने भरत आले होते, आणि नागपूरला पुतणीचं लग्न होतं.

निघायच्या दिवशी शनिवार होता. पुन्हा बर्फाची भुरभुर चालू होती; आमच्याकडे एप्रिलला लाजलज्जा नसते. मी मुलांना घेऊन पार्किंगमध्ये उभी राहिले. सईने आजोबांसाठी चित्र काढलं होतं. ओम आणि नीलने आपापसांत ठरवून कानाला केळी लावली होती, म्हणजे शेवटची तक्रार नोंदवता येईल. मॅथ्यूही झोपेतून उठून, पायात नुसत्या चपला घालून आला होता. आम्ही सगळे चांगले गारठलो होतो.

प्रशांतने बॅगा गाडीत टाकल्या आणि तो पुढे बसला. शेजारी मेधा. मग जिन्यावरून काका उतरले, आणि त्यांच्या मागोमाग रिया. ती बोलत होती. काय बोलत होती ते आमच्यापर्यंत येत नव्हतं, पण थांबत नव्हती. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, हात हलवत, मधेच जिन्यात उभी राहून, पुन्हा उतरत. मी तिला दोन वर्षांत एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. काका तिच्याकडे मान वळवून चालत होते, इतके की बर्फावर पाय घसरेल म्हणून मला भीती वाटली. गाडीचं दार रियाने उघडलं. काका आत बसले, ती पलीकडून येऊन शेजारी बसली, आणि बोलणं पुढे चालू झालं.

मुलांनी हाका मारल्या. सईने चित्र उंच धरलं. ज्या माणसाने सबंध हिवाळा एकाही मुलाकडे कधी दुर्लक्ष केलं नाही, तो माणूस आमच्यापासून चार हातांवर काचेआड बसला होता आणि त्याने आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्याचा चेहरा पूर्ण पलीकडे वळलेला होता. आम्हाला दिसत होती ती फक्त माकडटोपीची मागची बाजू, आणि ती मध्ये मध्ये हो म्हणून हलत होती. गाडी निघाली, वळली, दिसेनाशी झाली.

"ही डिडन्ट ईव्हन से बाय!" सईला रडू फुटलं. "मम्मा, ही डिडन्ट ईव्हन लुक!"

"हो गं, नाही पाहिलं," मी तिला जवळ घेत म्हटलं. मलाही रडू येत होतं, पण मी इतकी खूष होते की मला ते आवरावंसं वाटलं नाही.